रेघांचा हिशेब : वरळीच्या मनोऱ्यापासून घोडबंदरच्या बंगल्यापर्यंत

दूरचित्रवाणीचे चित्र हे मुळात रेघांचे चित्र आहे. कॅमेरा समोरचे दृश्य आडव्या रेघांमध्ये विभागतो, त्या रेघा एकामागून एक पाठवल्या जातात आणि घरातला संच त्या पुन्हा एकाखाली एक मांडून चित्र उभे करतो. या रेघा किती असाव्यात, सेकंदाला किती चित्रे काढावीत आणि प्रत्येक चित्र एका दमात काढावे की दोन हप्त्यांत, या तीन प्रश्नांच्या उत्तरांना मिळून दूरचित्रवाणीच्या व्यवसायात ‘फॉरमॅट’ म्हणतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली हा पट्टा आरंभी या चित्राचा केवळ प्रेक्षक होता आणि पुढे घोडबंदर रस्त्यावरील चित्रीकरणामुळे त्याचा उत्पादकही झाला; त्यामुळे फॉरमॅटच्या निवडीचा इतिहास येथे दोन्ही टोकांनी पाहता येतो. तो पाहिला असता असे आढळते की ही निवड कॅमेऱ्याच्या कुवतीवरून क्वचितच झाली. घरातला सर्वांत जुना संच, भिंतीतली वीज आणि गच्चीवरून आलेली वायर यांचाच शब्द बहुतेक वेळा अखेरचा ठरला.

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला, आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळी येथून सुरू झाले. भारताने युरोपातील ६२५ रेघांची पद्धत स्वीकारली होती, जिच्यात प्रत्यक्ष पडद्यावर ५७६ रेघा दिसत आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रे, म्हणजे चौकटी, दाखवल्या जात. २५ हा आकडा विजेकडून आला आहे. येथील वीजपुरवठा सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्यामुळे चित्राची गती त्याच्याशी जुळती ठेवली की पडद्यावर सरकणारे पट्टे आणि दिव्यांचे लुकलुकणे टळते. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, म्हणून तेथे ५२५ रेघा आणि ३० चौकटी. मात्र सेकंदाला २५ चौकटी डोळ्याला पुरत नाहीत, चित्र फडफडते, आणि ५० पूर्ण चौकटी पाठवायच्या तर प्रक्षेपणाला दुप्पट जागा लागते. यावर काढलेली तोड अशी की आधी १, ३, ५ अशा विषम रेघा पाठवायच्या आणि १/५० सेकंदानंतर २, ४, ६ अशा सम रेघा. भिवंडीच्या यंत्रमागावर साध्या विणीत एकाआड एक धागे उचलून बाणा टाकतात, तशीच ही वीण. इंग्रजीत तिला ‘इंटरलेस’ म्हणतात, आणि अर्ध्या रेघांच्या त्या चित्राला येथे अर्धचौकट म्हणता येईल. १९३० च्या दशकातील ही काटकसर पुढे किती काळ पुरणार आहे, याची कल्पना ती योजणाऱ्यांनाही नसावी.

वरळीच्या मनोऱ्यापासून सरळ रेषेत ठाणे सुमारे २५ किलोमीटर, डोंबिवली ३५ च्या पुढे आणि कल्याण ४० च्या आसपास आहे. शिवाय डोंबिवली-कल्याणच्या दिशेने निघालेल्या लहरींच्या वाटेत पारसिकची डोंगररांग आडवी येते. त्यामुळे ५७६ रेघांचे चित्र वरळीहून निघाले तरी ते तसेच्या तसे पोचेल याची हमी नसे. ठाण्याच्या कौलारू घरांवर आणि डोंबिवलीच्या तीनमजली इमारतींच्या गच्चीवर उंच पाइपांना बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या अँटेना दक्षिण-पश्चिमेकडे, म्हणजे वरळीकडे, तोंड करून उभ्या असत. पावसाळ्यात वाऱ्याने किंवा एरवी एखाद्या कावळ्याच्या वजनाने ती दिशा ढळली की घरातला मुलगा गच्चीवर जाई आणि खिडकीतून खाली-वर “आलं का?” “अजून थोडं डावीकडे!” असा संवाद चाले. लहरी क्षीण झाल्या की पडद्यावर मुंग्या येत. डोंगरावरून किंवा उंच इमारतीवरून परावर्तित झालेली लहर किंचित उशिरा पोचली की एकाच निवेदिकेच्या शेजारी तिचीच फिकट सावली बसलेली दिसे. शनिवारचा मराठी चित्रपट पाहणाऱ्या घरांत रेघांची संख्या हा प्रश्न कोणाला पडण्याचे कारणच नव्हते, कारण अडचण रेघा मोजण्याची नसून त्या पोचण्याची होती.

१९८२ साली, स्वातंत्र्यदिनापासून, दूरदर्शनवर रंग आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धा रंगीत दिसल्या. या बदलातील तांत्रिक चातुर्य सहसा दुर्लक्षित राहते. रंगाची माहिती जुन्या ६२५ रेघांच्याच संकेतात अशा बेताने मिसळली गेली की रंगीत संच ती वेगळी काढून घेई आणि कृष्णधवल संच तिच्याकडे दुर्लक्ष करून पूर्ववत चाले. ‘पाल’ नावाच्या या पद्धतीत रेघा वाढल्या नाहीत आणि चौकटींची गतीही बदलली नाही, म्हणून शटरच्या कपाटातला जुना संच ज्या घरात होता त्या घराला काहीही विकत घ्यावे लागले नाही. जुन्या संचाला न दुखावता नवे चित्र पाठवायचे, हे धोरण त्या वर्षी रूढ झाले आणि पुढची ३० वर्षे ते कोणी मोडले नाही.

१९९० च्या दशकात केबल आली, आणि तिने पोचण्याची अडचण दूर करताना दुसरी निर्माण केली. केबलचालक आपल्या गच्चीवरील छत्रीने उपग्रहाचे संकेत घेई आणि इमारतींवरून, झाडांवरून, विजेच्या खांबांवरून नेलेल्या जाड वायरीने घरोघर पोचवी. वायर लांबत गेली की संकेत क्षीण होई, म्हणून ठरावीक अंतरावर वर्धक बसवावे लागत, आणि प्रत्येक वर्धक चित्राबरोबर त्यातील खरखरही वाढवी. परिणामी केबलचालकाच्या शेजारचे घर आणि गल्लीच्या टोकाचे घर एकाच वाहिनीचे दोन वेगळे दर्जे पाहत. रात्री केबलवरून दाखवलेले चित्रपट तर व्हीएचएस फितीवरचे असत, आणि त्या फितीत रेघेवरचे बारकावे प्रक्षेपणाच्या मानाने निम्म्याच्या आसपासच उतरत. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी आणि पुढल्या वर्षी ई टीव्ही मराठी सुरू झाल्यावर मराठी मालिकांना रोजचा उत्पादन-उद्योग लाभला. बीटाकॅम जातीच्या फितींवर ५७६ रेघांचे स्वच्छ चित्र मुद्रित होऊ लागले, पण ते शेवटच्या घरी पोचेपर्यंत त्यातील स्वच्छता वाटेतच झिजत असे.

दरम्यान जगात उच्चस्पष्टतेचा, म्हणजे बाजारात ज्याला एचडी म्हणतात त्या चित्राचा, वाद रंगला होता. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने ११२५ रेघांची पद्धत विकसित केली होती आणि ती जगाने मान्य करावी असा प्रस्ताव १९८६ मध्ये दुब्रोव्हनिक येथील आंतरराष्ट्रीय बैठकीत आला. परंतु ती सेकंदाला ६० अर्धचौकटींची असल्याने ५० आवर्तनांच्या युरोपने ती अडवली आणि स्वतःची १२५० रेघांची पद्धत पुढे केली. दोन्ही पद्धती पुढे मागे पडल्या. अखेर २००० पर्यंत एका मापावर एकमत झाले, ते म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, १६:९ या रुंद प्रमाणात. गती मात्र ज्याची त्याची राहिली. विजेचा प्रश्न कोणत्याही बैठकीत सुटण्यासारखा नव्हता.

येथे खरी निवड सुरू होते. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके, जे जुन्या ७२० गुणिले ५७६ च्या ४,१४,७२० ठिपक्यांच्या बरोबर पाचपट आहेत. अशी ५० पूर्ण चित्रे सेकंदाला पाठवणे त्या वेळच्या यंत्रणेला पेलणारे नव्हते, म्हणून दोन पर्याय उरले. पहिला ‘१०८०-आय’, ज्यात रेघा १०८० पण जुन्या इंटरलेस रीतीने अर्ध्या-अर्ध्या. दुसरा ‘७२०-पी’, ज्यात १२८० गुणिले ७२० असे लहान चित्र, पण सेकंदाला ५० वेळा संपूर्ण. ‘पी’ हे ‘प्रोग्रेसिव्ह’चे, म्हणजे वरून खाली सलग काढलेल्या चित्राचे, आद्याक्षर. हिशेब मांडला तर गंमत दिसते : १०८०-आयमध्ये सेकंदाला ५,१८,४०,००० ठिपके जातात आणि ७२०-पीमध्ये ४,६०,८०,०००. म्हणजे भार जवळजवळ सारखाच. प्रश्न एवढाच की तो स्थिर चित्राच्या बारकाव्यावर खर्च करायचा की हालचालीच्या सफाईवर. चेंडू, धावपटू, फिरणारा कॅमेरा यांना ७२०-पी मानवते; चेहरा, दागिना, भिंतीवरचे नक्षीकाम यांना १०८०-आय. अमेरिकेत एबीसी आणि फॉक्स यांनी ७२०-पी घेतले, सीबीएस आणि एनबीसी यांनी १०८०-आय. युरोपीय प्रसारण संघाने २००४ मध्ये ७२०-पीची शिफारस केली, तरी युरोपातील अनेक वाहिन्यांनी ती मानली नाही.

भारताने १०८०-आय निवडले. ऑक्टोबर २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण दूरदर्शनने उच्चस्पष्टतेत केले, त्याच सुमारास घरावरच्या छत्रीची सेवा देणाऱ्या कंपन्यांनी संकेत उलगडून संचाला देणारे एचडी डबे (सेट-टॉप बॉक्स) विकायला काढले आणि २०११ मध्ये हिंदी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या येऊ लागल्या. क्रीडास्पर्धेने आरंभ होऊनही खेळाला अधिक सोयीचा पर्याय मागे पडावा यात वरवर विसंगती वाटते, पण व्यवहाराच्या दृष्टीने ती नाही : १०८० हा आकडा ७२० पेक्षा मोठा आहे, आणि संच विकणाऱ्या दुकानाच्या काचेवर मोठा आकडाच चिकटवला जातो. कारण इतके उथळ असले, तरी मालिकाप्रधान देशासाठी निवड चुकली असे म्हणता येत नाही. चेहऱ्यावर रेंगाळणारा कॅमेरा हे येथील मालिकेचे व्याकरण आहे, आणि त्या व्याकरणाला जादा रेघा लागतात, जादा गती लागत नाही.

निवड झाली तरी वायर तीच होती. सदृश पद्धतीच्या, म्हणजे ॲनालॉग केबलवरून उच्चस्पष्टता पोचणे शक्य नव्हते. त्यासाठी केबल अंकीय, म्हणजे डिजिटल, होणे आवश्यक होते, आणि केंद्र सरकारने केबल अधिनियमात २०११ साली केलेल्या दुरुस्तीने ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. पहिल्या टप्प्यात चार महानगरे होती व त्यांची मुदत अखेर ३१ ऑक्टोबर २०१२ ठरली. दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही तारीख होती आणि त्यांत महाराष्ट्रातील नऊ शहरे होती, ज्यांत ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई यांचा समावेश होता. कागदावर याचा अर्थ असा की मुलुंडच्या चेकनाक्याच्या मुंबईकडील बाजूस डब्याविना चित्र बंद होण्याची तारीख आली, तेव्हा नाक्याच्या ठाण्याकडील बाजूस जुनी वायर थेट संचात खोचून आणखी पाच महिने मालिका पाहता येत होत्या. कल्याणच्या पलीकडे, विठ्ठलवाडी ओलांडली की लागणारे उल्हासनगर तर तिसऱ्या टप्प्यात गेले, ज्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती. एकाच लोकलच्या मार्गावर, महापालिकांच्या हद्दीनुसार, दूरचित्रवाणीचे तीन काळ नांदत होते.

अंकीय वायरीतली जागाही मोजकीच असते. केबलवरील ८ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यातून, रूढ पद्धतीने, सेकंदाला सुमारे ३८ दशलक्ष बिट जातात. पूर्वी तेथे एकच वाहिनी मावे, आता साध्या दर्जाच्या दहाएक वाहिन्या मावतात किंवा एचडीच्या चार-पाच. स्टुडिओतून निघणारा एचडी संकेत सेकंदाला १४८.५ कोटी बिटांचा असतो, त्यामुळे घरी पोचण्यापूर्वी तो दीडशे पटींहून अधिक दाबावा लागतो. हे दाबण्याचे काम दोन लगतच्या चौकटींतील साम्य शोधून केले जाते : न बदललेली भिंत पुन्हा पाठवली जात नाही, हललेला हात तेवढा पाठवला जातो. म्हणून गणेशोत्सवाच्या विशेष भागात गुलाल उधळला की चित्र एकाएकी चौकोनी ठिपक्यांत फुटते. हवेतला प्रत्येक कण हलत असतो आणि दाबायला काही साम्यच उरत नाही.

आता चित्र जेथे तयार होते तेथे यावे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि खाडी यांच्यामधून जाणाऱ्या घोडबंदर रस्त्यावर, तसेच पुढे मीरा रोड-काशिमिरापर्यंत, बंगले, गोदामे आणि मोकळे भूखंड यांचे रूपांतर मालिकांच्या सेटमध्ये होत गेले. गोरेगावच्या चित्रनगरीपेक्षा येथे जागा मोकळी होती आणि ठाणे, मुलुंड, डोंबिवली येथे राहणाऱ्या कलावंत-तंत्रज्ञांना ती जवळची होती. मराठी मालिका बहुधा एका घराभोवती फिरत असल्याने एक बंगला भाड्याने घेतला की दिवाणखाना, स्वयंपाकघर, जिना आणि अंगणातले तुळशीवृंदावन एका ठिकाणी मिळते, आणि आठवड्याला सहा भाग देण्याच्या घाईत ही सोय मोलाची ठरते.

अशा सेटवर फॉरमॅटचा पहिला निर्णय गतीचा असतो. १०८०-आय ही प्रक्षेपणाची रीत आहे. चित्रीकरण त्याच रीतीने, म्हणजे सेकंदाला ५० अर्धचौकटींत, करावे किंवा २५ पूर्ण चौकटींत करावे, हा प्रश्न वेगळा आहे. अर्धचौकटींनी हालचाल गुळगुळीत दिसते, पण ती बातम्यांसारखी किंवा सामन्यासारखी ‘थेट’ वाटते. २५ पूर्ण चौकटींत टिपलेली हालचाल किंचित तुटक असते आणि डोळ्याला चित्रपटाची आठवण करून देते. कथात्म मालिकांचा कल दुसऱ्या रीतीकडे गेला. असे २५ चौकटींचे चित्र पाठवताना प्रत्येक चौकट विषम आणि सम रेघांत विभागून जुन्याच गाडीत बसवली जाते. दोन्ही अर्धे एकाच क्षणाचे असल्याने संच ते निर्वेध जोडू शकतो. चित्रपटाच्या सेकंदाला २४ चौकटी येथे का चालत नाहीत, याचे उत्तर पुन्हा विजेत आहे : बंगल्यातील ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते, २५ हा आकडा त्याला नेमका भागतो, २४ भागत नाही, आणि छतावरचा प्रकाश चित्रात लाटेसारखा हेलकावू लागतो. प्रक्षेपणाची गतीही विजेमुळेच २५ ठरलेली असल्याने चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवताना तो २५ च्या गतीने थोडा जलद पळवण्याची रीत पडली, ज्यामुळे अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि, सुधारणा केली नाही तर, गाण्याचा सूर अर्धस्वरापेक्षा थोडा कमी इतका चढतो.

दुसरा निर्णय रुंदीचा, आणि त्याने कॅमेरामनांना काही वर्षे चांगलेच जखडले. चित्र १६:९ प्रमाणात टिपायचे, पण निम्म्याहून अधिक घरांत ४:३ चे जुने चौकोनी संच, ज्यांवर त्याच चित्राचा फक्त मधला भाग दिसणार. १९२० ठिपक्यांपैकी मधले १४४० सुरक्षित, दोन्ही कडांचे २४० - २४० बेभरवशाचे. म्हणून व्ह्यूफाइंडरमध्ये चौकोनाच्या दोन उभ्या रेघा आखून ठेवल्या जात आणि सासू, सून व त्यांच्यामधला मुलगा असे तिघेही त्या रेघांच्या आत उभे केले जात. रुंद पडद्याच्या दोन्ही बाजूंना मग फुलदाणी, पडदा, देव्हाऱ्याची कड असे काहीतरी बिनमहत्त्वाचे भरलेले असे. नावांच्या पाट्यादेखील आतच. रुंद संच विकत घेतलेल्या डोंबिवलीकराला मिळालेली जादा रुंदी ही अशी फुलदाणीची होती, आणि १९८२ चे धोरण येथे पुन्हा जसेच्या तसे चालू होते : जुन्या संचाला दुखवायचे नाही.

तिसरी बाब कोणाच्या निर्णयाची नव्हती, ती कापडाने ठरवली. इंटरलेस चित्रात जी आडवी रेघ एकाच ओळीइतकी बारीक असते ती एका अर्धचौकटीत दिसते आणि दुसऱ्या अर्धचौकटीत नसते, त्यामुळे ती सेकंदाला २५ वेळा लुकलुकते. इरकली लुगड्याच्या काठावरील बारीक रेघा, खणाच्या चोळीची वीण, बारीक चौकटीचा शर्ट, खिडकीच्या पट्ट्या या सर्व गोष्टी अशा वेळी जागच्या जागी थरथरतात. वेशभूषाकारांनी बारीक रेघा टाळून मोठे नक्षीकाम आणि सपाट रंग पसंत करण्यामागे अभिरुची जेवढी आहे तेवढेच हे थरथरणेही आहे. उलट, जादा रेघांनी रंगभूषेचा जाड थर, भिंतीसारख्या रंगवलेल्या प्लायवुडचा सांधा आणि विगची कड उघडी पाडली. मेकअप दादांना हात हलका करावा लागला आणि कलादिग्दर्शकाला दार खरेच लाकडी लावावे लागले.

स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी या तीनही प्रमुख वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ या एकाच वर्षी आल्या, म्हणजे हिंदीनंतर सुमारे पाच वर्षांनी. हा विलंब कॅमेऱ्यांमुळे झाला नव्हता. वायरीत जागा आणि घरात रुंद संच पुरेसे होईपर्यंत थांबणे व्यवहाराला धरून होते. वायरीतल्या जागेचा तो हिशेब पुढे थेट ग्राहकाच्या बिलातही उतरला. १ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आलेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या दरपद्धतीत १३० रुपयांच्या मूळ शुल्कात १०० साध्या वाहिन्या मोजल्या गेल्या आणि एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांबरोबर धरली गेली. पाचपट ठिपके, दुप्पट मोजणी : दाबण्याच्या तंत्राने मधल्या काळात केलेली प्रगती या एका नियमात वाचता येते.

याहून मोठ्या, ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांच्या चित्रासाठी २०१२ मध्ये जे आंतरराष्ट्रीय मानक ठरले त्यात इंटरलेसला जागाच ठेवलेली नाही, आणि मोबाइलवर मालिका दाखवणाऱ्या सेवाही चौकटी सलगच पाठवतात. काचेच्या नळीचे संच ठाणे-डोंबिवलीतून बहुतेक भंगारात गेले आहेत, आणि भिंतीवरच्या सपाट पडद्याला अर्ध्या रेघा दाखवता येत नाहीत. तरीही वाहिनीच्या प्रक्षेपणाची रीत १०८०-आयच राहिली आहे : घोडबंदरच्या बंगल्यात २५ पूर्ण चौकटींत टिपलेला भाग विषम आणि सम रेघांत कापून उपग्रहाकडे जातो, आणि डोंबिवलीच्या दिवाणखान्यातला डबा त्या रेघा रोज संध्याकाळी पुन्हा जोडतो.